दुखणे हाताचे, मूळ कामात

गेल्या वर्षी श्रावणाच्या सुरुवातीला एक गवंडी दवाखान्यात आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, सोबत पत्नी. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी हातातली प्लॅस्टिकची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. आतून मलमाच्या अकरा ट्यूब निघाल्या. काही पिळून सपाट झालेल्या, काही अर्ध्या राहिलेल्या.

"डाक्टरसाहेब, यातली एकबी कायमची लागू पडली नाही. आता एक जालीम मलम द्या," ते म्हणाले.

मी हात पाहिले. बोटांची पाठ आणि मनगटे जाड, काळपट, खरबरीत झाली होती. सांध्यांवर भेगा, त्यातल्या दोन-तीन ओल्या. पायांच्या वरच्या बाजूला चपलेच्या पट्ट्यांच्या रेघेत तसेच पुरळ. खाजेमुळे रात्रीची झोप नाही. कामावरचे बिगारी त्यांच्या हातचा पाण्याचा तांब्या घेईनासे झाले होते. घरी त्यांनी स्वतःच आपले ताट-वाटी वेगळे केले होते आणि धाकट्या लेकीला जवळ घेणे सोडले होते.

अकरा ट्यूबपैकी तीन माझ्याच चिठ्ठीवर घेतलेल्या होत्या. जुना केसपेपर काढला. पहिल्या भेटीत मी लिहिले होते, 'हातावर इसब'. दुसऱ्या भेटीत 'खाज कायम'. तिसऱ्या भेटीत 'बुरशी' आणि पुढे प्रश्नचिन्ह. व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द होता, 'मजुरी'. कसली मजुरी, हे मी दोन वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

उलगडा केला तो त्यांच्या पत्नीने. त्या म्हणाल्या, "वारीला गेले तवा हात निर्मळ झाले होते बघा. पायबी. माउलीची कृपा म्हटलं. परत आले, कामावर गेले, आन् तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

कृपा नाकारणारा मी कोण? पण मी विचारले, "मामा, वारीत चपला होत्या का पायात?" ते अनवाणी चालले होते. म्हणजे वारीच्या त्या अठरा-वीस दिवसांत त्यांच्या हाताला सिमेंट लागले नव्हते आणि पायाला चामडे लागले नव्हते. अकरा ट्यूबांनी जे कायमचे साधले नाही, ते या दोन गोष्टी दूर राहिल्यामुळे साधले होते.

दाह वेगळा, अ‍ॅलर्जी वेगळी

वाचकहो, कामाच्या ठिकाणी रसायनांचा संपर्क आल्याने त्वचेवर जो विकार होतो त्याला संपर्कजन्य त्वचादाह म्हणतात. याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक प्रत्येक कष्टकऱ्याने समजून घ्यावा असा आहे.

पहिला प्रकार साध्या दाहाचा. यात रसायन थेट त्वचेला इजा करते. पुरेसा वेळ संपर्क राहिला तर तो कोणालाही होईल. भिजवलेले सिमेंट अतिशय अल्कधर्मी असते. त्याचा सामू म्हणजे पीएच १२ ते १३ असतो, अंगाच्या साबणाचा साधारण ९ ते १०. हा आकडा एकाने वाढला की तीव्रता दहापट वाढते. असे सिमेंट त्वचेवरचे तेलकट संरक्षक आवरण धुऊन काढते. मग त्वचा कोरडी पडते, भेगाळते. कोबा करताना ओल्या मालात गुडघे टेकून तासन् तास बसलेल्या माणसाची कातडी खोलवर भाजू शकते, आणि गंमत अशी की सुरुवातीला ते दुखतही नाही. संध्याकाळी पँट काढताना कळते.

दुसरा प्रकार अ‍ॅलर्जीचा. तो सगळ्यांना होत नाही. आपल्या शरीरात रोगप्रतिकारक पेशींचा पहारा असतो. एखादा पदार्थ त्वचेतून आत शिरला की या पहारेकऱ्यांपैकी काही जण त्याला 'शत्रू' म्हणून ओळखून ठेवतात. ही ओळख पटायला काही दिवस लागतात, कधी महिने, कधी पंधरा-वीस वर्षे. एकदा ओळख पटली की ती बहुधा जन्मभर पुसली जात नाही. पुढे त्या पदार्थाचा अगदी थोडा अंश लागला तरी पहारेकरी धावून येतात आणि लालसर पुरळ, पाणी, खाज सुरू होते.

म्हणूनच "वीस वर्षं सिमेंटात हात घालतोय, आत्ताच कसं होईल?" हा प्रश्न चुकीचा आहे. वीस वर्षे सोसले म्हणून पुढेही सोसेल असे नाही. शिवाय दोन्ही प्रकार हातात हात घालून चालतात. आधी दाहाने कातडीला भेगा पडतात आणि त्याच भेगांतून अ‍ॅलर्जी करणारा पदार्थ आत जातो.

सिमेंटमधला चोर

सिमेंटमध्ये अ‍ॅलर्जी करणारा मुख्य पदार्थ म्हणजे क्रोमियम. सिमेंटच्या कच्च्या मालात तो अल्प प्रमाणात असतो. भट्टीच्या प्रचंड उष्णतेत त्यातल्या काहीचे असे रूप तयार होते जे पाण्यात सहज विरघळते. माल कालवला की ते पाण्यात उतरते आणि पाण्याबरोबर कातडीत.

आता चपलेचा उलगडा होईल. बाजारातले बरेचसे चामडे क्रोमियमचे क्षार वापरून कमावलेले असते. ज्याच्या शरीराने सिमेंटमधला क्रोमियम ओळखून ठेवला आहे, त्याला घामाने भिजलेल्या चामड्यातूनही त्रास होऊ शकतो. पारंपरिक पद्धतीची कोल्हापुरी चप्पल मात्र बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते. अशा रुग्णाने खात्रीच्या कारागिराकडून ती घ्यावी, किंवा सरळ कापडी वा प्लॅस्टिकची चप्पल वापरावी.

या चोराला कारखान्यातच पकडता येते. सिमेंटमध्ये थोडे फेरस सल्फेट, म्हणजे आपले हिराकस, मिसळले की क्रोमियमचे ते विरघळणारे रूप निरुपद्रवी होते. डेन्मार्कने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ही पद्धत अमलात आणली. युरोपीय संघाने जानेवारी २००५ पासून सिमेंटमधल्या या विरघळणाऱ्या क्रोमियमवर दशलक्ष भागांत दोन भाग अशी मर्यादा घातली. त्यानंतर तिकडच्या बांधकाम मजुरांतली ही अ‍ॅलर्जी स्पष्टपणे कमी झाली. म्हणजे हे दुखणे गवंड्याच्या नशिबी लिहिलेले नाही, टाळता येण्यासारखे आहे.

वांग्यावर आळ

या अ‍ॅलर्जीची एक खोड रुग्णाला आणि डॉक्टरलाही फसवते. विंचू चावला की लगेच कळते. इथे तसे नाही. पदार्थ आज लागतो आणि पुरळ उद्या, परवा, कधी तिसऱ्या दिवशी उठते. तोवर माणूस चार गोष्टी खाऊन बसलेला असतो. मग आळ येतो वांग्यावर.

आमच्या गवंडीमामांनी दोन वर्षांत वांगे, अंडी, मासळी, तूरडाळ, आंबट, आणि शेवटी दूधही सोडले होते. दिवसभर उन्हात राबणारा माणूस भाकरी-चटणीवर आला होता. वजन घटले होते. हातावरच्या पुरळाशी यातल्या कशाचाही संबंध नव्हता. पथ्याने रोग गेला नाही, ताकद मात्र गेली.

आणखी एक गैरसमज. हा विकार संसर्गजन्य नाही. तो तांब्याला, ताटाला, लेकराला लागत नाही. ही खरूज नव्हे, गजकर्णही नव्हे. हे मी मामांना सांगितले तेव्हा त्यांनी पत्नीकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पदराने डोळे टिपले. अकरा ट्यूबांपेक्षा या एका वाक्याची त्यांना अधिक गरज होती, आणि ते वाक्य मी दोन वर्षे उशिरा बोललो.

पाठीवरची परीक्षा

मी त्यांना वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात पाठवले. तिथे पॅच टेस्ट होते. जर्मन वैद्य जोसेफ यादासोन यांनी १८९५ साली ती मांडली आणि आजही या अ‍ॅलर्जीसाठी हीच मुख्य चाचणी आहे. संशयित पदार्थांचे अतिशय सौम्य अंश छोट्या चकत्यांतून पाठीवर चिकटवतात. ४८ तास पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. मग पट्ट्या काढून पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. जिथे लाली, सूज आणि बारीक पुरळ, तो पदार्थ गुन्हेगार. मामांच्या पाठीवर क्रोमियमची चकती होती तिथेच ठळक वर्तुळ उठले.

या चाचणीपायी त्यांची चार-पाच दिवसांची मजुरी बुडाली, हे खरे. पण दोन वर्षांत औषधांवर आणि खाड्यांवर गेलेल्या पैशांपुढे ते काहीच नव्हते. एक सूचना देऊन ठेवतो. 'अ‍ॅलर्जीची रक्त तपासणी' म्हणून जी लांबलचक यादी हातात मिळते तिचा या विकारात उपयोग नाही. ती वेगळ्या प्रकारच्या अ‍ॅलर्जीसाठी असते. पाठीवरची ही परीक्षा घेतल्याशिवाय त्या तपासणीवर पैसे घालवू नका.

ट्यूबची गोडी

पिशवीतल्या बहुतेक ट्यूबांत स्टेरॉइड होते. हे औषध वाईट नाही. योग्य ताकदीचे, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरले तर या विकारात तेच मुख्य औषध आहे. घोटाळा होतो तो असा. लावले की दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणूस पुन्हा कामाला जातो. पुन्हा उठते, पुन्हा लावतो. महिनोन् महिने हे चालले की कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, साधे खरचटले तरी जखम होते. आणि मूळ रोग खरोखर बुरशीचा असेल तर तो वरून दबतो आणि आतून पसरतो.

२०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइड औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही "ती मागच्या वेळची ट्यूब द्या" म्हणून औषधाच्या दुकानात हात पुढे होतोच. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्याचा हा प्रकार आहे. मी स्वतःही दोन वर्षे फरशीच पुसत होतो.

हातमोजे आणि थापी

निदान झाले. आता उपाय? मी पुस्तकी उत्तर दिले, "मामा, सिमेंटचं काम सोडा."

ते शांतपणे म्हणाले, "साहेब, काम सोडलं तर हात बरे होतील. पन मग त्या हातांनी खायचं काय?"

घरात दोन मुले शिकत होती. घरबांधणीचे हप्ते होते. एका वाक्यात 'काम सोडा' म्हणणे सोपे असते, कारण ते काम आपले नसते. मग आम्ही तिघांनी बसून वेगळा विचार केला.

हातमोज्यांना त्यांची पहिली हरकत होती, "त्यात थापी बोलत नाही." गिलाव्याचा हात किती नाजूक असतो ते मला त्या दिवशी कळले. जाड रबरी मोज्यांत पृष्ठभागाचा अंदाज येत नाही. सुती मोजे तर त्याहून घातक, कारण ते ओला माल शोषून हाताशी धरून ठेवतात. शेवटी तळव्यावर नायट्राइलचा थर दिलेले, मनगटापर्यंत येणारे, हाताच्या मापाचे मोजे त्यांना मानवले. आठवडाभरात सवय झाली. माल आत गेला तर मोजा काढून, हात धुऊन, कोरडा मोजा घालायचा, एवढे पथ्य.

त्यांच्या ठेकेदाराला मी चिठ्ठी लिहिली. पहिले उत्तर अपेक्षित होते, "सगळे गवंडी असेच काम करतात, डॉक्टर." मी म्हटले, तुमचा हातखंडा मिस्त्री महिन्यातून आठ दिवस घरी बसतो, त्याचा हिशेब एकदा करा. पुढच्या आठवड्यात साइटवर हात धुण्यासाठी स्वच्छ पाण्याचे वेगळे पिंप आणि साबण आला, मोज्यांचे गठ्ठे आले. मामांना माल कालवण्यापासून दूर ठेवून ओळंबा, पातळी, मोजमाप आणि माणसांवर देखरेख अशी बरीचशी कोरडी कामे मिळाली.

ते पूर्ण बरे झाले, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. क्रोमियमची अ‍ॅलर्जी चिवट असते. फार उशिरा ओळखली तर काम बदलल्यावरही ती रेंगाळते. मामांच्या हाताला अजून अधूनमधून पुरळ येते, मजुरीही पूर्वीपेक्षा थोडी कमी मिळते. पण भेगा भरल्या आहेत, रात्री झोप लागते, ताट सगळ्यांबरोबर असते. दोन वर्षांपूर्वी विचारले असते तर याहून चांगले झाले असते, ही माझी टोचणी आहे.

इतरही धंदे

हे फक्त गवंड्यांपुरते नाही. केशकर्तनालयात आणि ब्यूटी पार्लरमध्ये काळ्या डायमधले पीपीडी हे रसायन बोटांवर आणि मनगटावर त्रास देते. झटपट रंगणाऱ्या 'काळ्या मेंदी'तही ते असू शकते. मुलामा देण्याच्या कारखान्यात निकेल आणि क्रोमियम. स्वस्त कानातल्यांनी ज्या बाईच्या कानाला पूर्वी खाज आली असेल, तिने निकेलच्या कामावर जाताना विशेष जपावे. गॅरेजमध्ये तेल-ग्रीस, आणि त्याहून जास्त म्हणजे हात स्वच्छ करायला वापरलेले पेट्रोल व थिनर. रुग्णालयातल्या काही परिचारिकांना ज्या रबरी मोज्यांनी संरक्षण मिळायचे, त्यांतल्याच रसायनांची अ‍ॅलर्जी होते.

खानावळ चालवणाऱ्या एका बाईंच्या डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे तेवढीच सोलायची. उजव्या हातात सुरी, डाव्या हाताच्या त्या तीन बोटांत लसूण! पुरळ कुठे उठते यातच अर्धे निदान असते. आणि शेतकरी बांधवांच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या खोबणीत खाज असेल तर बांधावरच्या गाजरगवताची आठवण करावी. त्यातले पार्थेनिन हे द्रव्य हवेतल्या धुळीबरोबर उघड्या अंगावर येते.

हे लक्षात ठेवा

१. कामावरून सुटी घेतली, परगावी गेलात की त्रास कमी होतो आणि परतल्यावर वाढतो का? तारखा लिहून ठेवा. डॉक्टरांना ही वही दाखवा.

२. ओले सिमेंट अंगाला लागले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. भिजलेले कपडे आणि बूट ताबडतोब काढा. डोळ्यात उडाले तर किमान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

३. हात धुण्यासाठी रॉकेल, पेट्रोल, थिनर, वाळू किंवा कपड्याचा सोडा वापरू नका. साधा साबण आणि पाणी वापरा, मग हात कोरडे करून व्हॅसलिनसारखे साधे, बिनवासाचे मलम चोळा. काम संपल्यावर आणि झोपताना, दोन्ही वेळा.

४. अंगठी, कडे, घड्याळ कामावर जाताना काढून ठेवा. त्याखाली माल अडकून राहतो.

५. हात सुजला, पू आला, ताप आला किंवा मधुमेह असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

६. बांधकाम कामगारांनी राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी. वर्षभरात ९० दिवस काम केलेले आणि वय १८ ते ६० असलेले कामगार त्यास पात्र असतात. कारखान्यातल्या कामगारांनी हे ध्यानात ठेवावे, की रसायनांमुळे होणारा त्वचादाह हा कारखाने कायद्याच्या सूचनीय व्यवसायजन्य रोगांच्या यादीत होता, आणि २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेच्या यादीतही आहे. असा रोग लपवायचा नसतो, कळवायचा असतो.

इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कष्टकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला जे प्रश्न वैद्य परंपरेने विचारत आले त्यात आणखी एकाची भर घाला, असे त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंना सांगितले होते. तो प्रश्न म्हणजे, तुम्ही काम काय करता? तीनशे वर्षे जुना हा धडा मी एका गवंड्याच्या पत्नीकडून शिकलो.

माझ्या केसपेपरवरचा 'व्यवसाय' हा रकाना आता मोठा केला आहे. 'मजुरी' एवढेच लिहून तो भरत नाही. वाचकहो, तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी असेल, ते विचारायला विसरतील. तेव्हा मलम मागण्याआधी तुम्हीच सांगा, की हे हात दिवसभर कशात असतात.